तीन त्रिक नऊ
(बी. ए. द्वितीय वर्ष)

गिरणीवर दळणाचा नंबर लागेपर्यंत माणसाला काय काय ऐकावे लागते! आमच्या गावात वीज केव्हा येईल आणि केव्हा जाईल याचा नेम नाही. तेव्हा ज्वारीचा डबा रांगेत लावायचा आणि कट्ट्यावर बसून राहायचे. गिरणीसमोरच पार आहे. मुलींनी पारावर बसण्याची आमच्याकडे रीत नाही. पण दळणाला आलेल्या मुलीला ‘ऊठ’ असे कोणी म्हणत नाही. त्यामुळे पारावर काय चालले आहे, हे गावातल्या निम्म्या पुढाऱ्यांपेक्षा मला अधिक ठाऊक असते.

बाहेरच्या माणसाला वाटेल, तिथे पाऊस, सोयाबीनचा भाव आणि निवडणूक याच गोष्टी चालत असतील. चालतात, पण त्या तोंडी लावण्यापुरत्या. मुख्य जेवण खो-खोचे! गेल्या जानेवारीत शेजारच्या तालुक्याच्या गावी झालेल्या स्पर्धेत आमच्या मंडळाचा संघ उपान्त्य सामन्यात दोन गुणांनी हरला. आज दसरा तोंडावर आला, तरी तो सामना पारावर अजून संपलेला नाही. रोज संध्याकाळी तो नव्याने खेळला जातो आणि रोज त्याचा निकाल वेगळा लागतो.

पारावर दोन पक्ष आहेत. पहिल्याचे पुढारी आबा. साठी उलटलेली, तरुणपणी तालुक्यात पळतीसाठी नावाजलेले. त्यांचे सगळे तत्त्वज्ञान पाढ्यातल्या एका ओळीत मावते: ‘तीन त्रिक नऊ!’ ज्या प्राध्यापकांना या खेळाची सवय नाही त्यांच्यासाठी सांगते. गावोगावच्या स्पर्धांत पाळी नऊ मिनिटांची, पळणारे गडी नऊ, आणि ते तिघातिघांच्या तुकड्यांनी आत उतरतात. प्रत्येक तुकडीने तीन मिनिटे काढली की पाळी संपली. समोरच्याने कितीही आपटून घेतले तरी तो आठ-नऊ गुणांच्या वर जाणार नाही. मग आपण निवांत गडी मारावेत आणि ढाल घेऊन घरी यावे. आबांच्या मते आमच्या पोरांना साखळीत पळताच येत नाही. बसलेल्या गड्यांच्या मधून नागमोडी जाताना पाठलाग करणाऱ्याची पाठ कुठे आहे, हे मान न वळवता कळले पाहिजे, असे ते म्हणतात. आणि ते कसे कळते हे दाखवायला धोतर सावरून पारावरून उतरतात. मग कोणीतरी त्यांना धरून बसवते.

दुसरा पक्ष तरुणांचा. त्यांचे म्हणणे, मिनिटे खाण्याचे दिवस गेले. आता गडी मारण्याचे दिवस आहेत. सूर मारा, खुंटावर झेप घ्या, खो पटापट द्या. समोरच्याची पहिली तुकडी दीड मिनिटात कापली की त्याचे पाय आपोआप जड होतात. आबा या पक्षाला ‘सूरपारंब्या खेळणारी पोरं’ म्हणतात. पोरे आबांना ‘पाढेवाले’ म्हणतात.

गंमत अशी, की दोन्ही पक्ष दाखला एकाच ठिकाणचा देतात. २०२२ साली पुण्यात बालेवाडीला अल्टिमेट खो-खो ही लीग सुरू झाली आणि खेळाचे रूपच पालटले. पाळी सात मिनिटांची, बाद केलेल्या गड्याला एकाऐवजी दोन गुण, आणि कोणत्याही दिशेला पळू शकणारा ‘वजीर’ नावाचा गडी! पहिल्याच वर्षी ओडिशाच्या संघाने तेलुगू योद्धाज संघाला ४६-४५ असे एका गुणाने हरवले. तरुण म्हणतात, बघा, गुणांचा पाऊस! आबा म्हणतात, बघा, एकाच गुणाने! आणि ठरावीक वेळेच्या पुढे तुकडी टिकली तर पळणाऱ्यालाही गुण मिळतो, हे कळल्यापासून तर आबांनी ती लीग आपल्याच विचाराने काढली असावी, अशा थाटात बोलायला सुरुवात केली आहे.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला. आपल्या पुरुषांनी अंतिम सामन्यात नेपाळला ५४-३६ असे हरवले, महिलांनी नेपाळच्याच संघाला ७८-४०. त्या महिला संघात आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदे होती. त्याआधी २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार आपलीच सारिका काळे. तिला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. जिल्ह्याला तेव्हा उस्मानाबाद म्हणत. खो-खोच्या नकाशावर आपल्या जिल्ह्याचे नाव ठळक केले ते मुलींनी. तरी पारावर मुलींच्या खेळाची चर्चा मी आजवर ऐकलेली नाही! मी स्वतः दहावीपर्यंत शाळेच्या संघात खुंटाजवळ बसत असे. पुढे गावात मुलींचा संघच उरला नाही. असो. तो लेख निराळा लिहावा लागेल.

पण खुंटाजवळ बसल्यामुळे मला दोन्ही पक्षांतले थोडे उणे दिसते, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. आपला संघ सूर कमी मारतो म्हणून गडी निसटतात, हे खरे नाही. बसलेले गडी झोपलेले असतात, हे खरे आहे. ‘खो’ पाठीवर पडल्यावर उठायचे नसते. तो पडणार हे पाठीला आधी कळले पाहिजे आणि पडताक्षणी अंग सुटले पाहिजे. उठायला अर्धा सेकंद उशीर झाला की पळणारा दोन पावले पुढे गेलेला असतो. मग ती दोन पावले भरून काढण्यासाठी सूर मारायचा, आणि आमच्या मुरमाड मैदानावर सूर म्हणजे कोपरे सोलून घेणे. आबांचेही तसेच. मातीत अंगठा रोवून गर्रकन वळायची आमच्या मुलांची सवय. गेल्या जानेवारीतली स्पर्धा मॅटवर होती. मॅटवर अंगठा रुतत नाही. वळायला जावे तर पाय सरकतो. ज्यांनी वर्षभर मॅट डोळ्यांनी पाहिली नाही, त्यांना तिच्यावर साखळी पळा म्हणणे म्हणजे विहिरीत पोहलेल्या माणसाला समुद्रात ढकलण्यासारखे आहे.

आता एवढ्यावर हा वाद सुटला असता, तर मी हा लेख लिहायला घेतला नसता.

आमच्या वर्गातली काही मुले एस.टी.त रोज फुटबॉलवर भांडतात. त्यांचे संघ युरोपातले. चेंडू आपल्याच पायात फिरवत ठेवणारा ग्वार्दिओला श्रेष्ठ, की गोलासमोर भिंत उभी करणारा मोरिन्यो? २०१० साली मोरिन्योच्या इंटर मिलानचा एक गडी सामन्याच्या पहिल्या अर्ध्या तासातच बाहेर गेला, तरी उरलेल्या दहांनी बार्सिलोनाला त्यांच्याच मैदानावर एका गोलाच्या पुढे जाऊ दिले नाही आणि आधीच्या सामन्यातल्या आघाडीवर अंतिम फेरी गाठली. हे आबांना कळले तर मोरिन्योची तसबीर पारावर लागेल! मी ही भांडणे ऐकते तेव्हा वाटते, हा तर आमचाच पार; फक्त आमच्या पारावर झाड आहे.

पण एक फरक आहे, आणि तो मला माझ्या दादाने दाखवला. दोन वर्षांपूर्वी त्याची ऊसतोडीची टोळी कोल्हापूरच्या बाजूला होती. कारखान्यात काही बिघाड झाला, एक दिवस तोड बंद राहिली, आणि हा गडी राजर्षी शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना पाहून आला. कोल्हापुरात संघ पेठांचे आणि तालमींचे असतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे तिथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. बाहेरचे, अगदी आफ्रिकेतले खेळाडूही तिथे येऊन खेळतात. दादा सांगत होता, सामना सुटल्यावर बाहेर माणसे आमच्या पारावरच्यासारखीच भांडत होती. मधल्या फळीने चेंडू लांब का मारला, पुढच्या हंगामात कोणाला ठेवायचे, कोणाला काढायचे. मग तो म्हणाला, ‘त्यांचं भांडण खरं हाय बघ. ज्याच्यावर भांडायचं, त्यो गडी दुसऱ्या दिशी सरावाला येतो. आपल्याकडं भांडण पारावर ऱ्हातं आन् गडी फडात.’

हेच ते. आमच्या संघात बारा गडी. त्यांतले सात दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. कोणी सांगली, कोणी सातारा, कोणी कर्नाटकात. कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. आणि आमच्याकडच्या स्पर्धा केव्हा? डिसेंबर-जानेवारीत! कारण थंडी असते, सुगी आटोपत आलेली असते, आणि खरे कारण म्हणजे बहुतेक स्पर्धा कोणाच्या ना कोणाच्या वाढदिवसानिमित्त असतात. वाढदिवस काही पुढे ढकलता येत नाही.

म्हणजे ज्या संघाच्या शैलीवर बारा महिने वाद चालतो, तो संघ स्पर्धेच्या वेळी गावात नसतोच. उरलेल्या पाचांत शाळेतली दोन पोरे आणि हौसेने धावणारे दोन मोठे भरती करायचे, आणि जे कारखान्यांवर आहेत त्यांतले जमतील तेवढे सामन्याच्या दिवशी बोलावून घ्यायचे. याला हंगाम म्हणायचे!

गेल्या जानेवारीचा तो सामना मी सांगते, कारण पारावर तो नीट सांगितला जात नाही. दादा तेव्हा सांगलीकडे होता. ऊसतोड म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी एवढेच लक्षात घ्यावे: पहाटे अंधारात फडात उतरायचे, दिवसभर वाकून तोडायचे, मोळ्या बांधायच्या, आणि गाडी येईल तेव्हा ती भरायची. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढायचे. गाडी रात्री अकराला आली तर रात्री अकराला. सामन्याच्या आदल्या दिवशी दादाने संध्याकाळी गाडी भरली, मुकादमाच्या हातापाया पडून दोन दिवसांची सुट्टी घेतली आणि रात्रभर एस.टी. बदलत सकाळी मैदानावर उतरला. एरवी तो पहिल्या तुकडीत पळतो. त्या दिवशी थोडी विश्रांती मिळावी म्हणून कर्णधाराने त्याला तिसऱ्या तुकडीत ठेवले.

पहिली तुकडी तीन मिनिटे दहा सेकंद टिकली. आबांनी बोटे मोडली म्हणे. दुसरी दोन मिनिटे वीस सेकंद. तिसरी पन्नास सेकंदांत संपली. नऊ गडी साडेसहा मिनिटांच्या आत बाद झाले, आणि पहिल्या तुकडीला धापा टाकत पुन्हा उतरावे लागले. तिथे सामना गेला.

‘तिसऱ्या तुकडीनं घात केला’ हे वाक्य मी गिरणीवर किती वेळा ऐकले असेल! एकदा तर माझ्या समोरच कोणीतरी म्हणाले, ‘त्याच्यात दमच ऱ्हायला नाय आता.’ मी दादाला विचारले, तेव्हा तो सहज म्हणाला, ‘दोन हुलकावण्या दिल्या. तिसरीला पाय उचललाच नाय.’ त्याला त्याचे फारसे काही वाटलेले दिसले नाही. वाटले असेल तर त्याने मला दाखवले नाही. त्याच रात्री तो परत गेला.

इथे मला माझीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ऊसतोडीत मजूर ‘कोयत्या’ने मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. वडिलांचे गुडघे गेल्यापासून आमच्या घरचा कोयता आई आणि दादा मिळून होतो. बारावीनंतर आईच्या जागी मी जावे आणि आईने घर धरावे, असे ठरत होते. दादा म्हणाला, ती कॉलेजात जाईल. घरातले पहिले कॉलेज मी पाहिले. दादाने एक वर्ष थांबून मैदानावर घाम गाळावा, पोलीस भरतीचा नाही तर जिल्ह्याच्या संघाचा प्रयत्न करावा, असे शाळेतले क्रीडाशिक्षक त्याला सांगत होते. तो थांबू शकला नाही, याचे एक कारण मी आहे. माझ्या प्रवेशाची पावती आणि ती पन्नास सेकंदे मी वेगळी करू शकत नाही. म्हणून पारावर कोणी ‘दम नाही’ म्हणाला की मला पिठाचा डबा जड लागतो.

गेल्या पंधरवड्यात मी पहिल्यांदा बोलले. वीज गेलेली होती, गिरणी बंद, आणि पारावर पुढच्या हंगामाचा बेत चाललेला. तरुणांचा पक्ष म्हणत होता, वर्गणी काढून मॅट घ्यायची. आबांचा पक्ष म्हणत होता, मॅट कशाला, पोरांना रोज पहाटे साखळी पळवा. मी कट्ट्यावरूनच म्हणाले, ‘आबा, एक विचारू का?’

‘विचार की, पोरी.’

‘पहाटे साखळी कोण पळणार? पळणारे तर फडात.’

सगळे गप्प झाले. मग एक जण हसून म्हणाला, ‘भावाची बाजू घेऊ लागली.’ मी म्हणाले, ‘व्हय, घेते. पण तुम्हीच सांगा, बारातले सात जानेवारीत कुठं असतात?’ आबांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. नावे घेत गेले, गावे घेत गेले. सातव्या नावाशी त्यांचे बोट थांबले. ते त्यांच्या नातवाचे नाव होते. मला वाटते आबांनाही तो हिशेब त्या दिवशीच पहिल्यांदा कळला. तीन त्रिक नऊ त्यांना तोंडपाठ होते. बारातून सात गेले, हे त्यांनी कधी केलेच नव्हते.

मग सूचना निघाल्या. मंडळ फलक, ढोल, बक्षिसे यांवर जो पैसा घालते तो वाचवून दोन चांगल्या गड्यांना हंगामात गावातच ठेवावे, अशी एक निघाली. मला ती फार आवडली. घरी येऊन दादाला सांगितली तर तो हसला. म्हणाला, ‘मंडळाच्या पैशात म्हैनाभर निघंल. उचल घेतलीय आपण, ती कोण फेडणार?’ मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल हंगामभर कोयता चालवून फेडायची असते. ती फिटली नाही तर पुढच्या वर्षावर जाते. तिथे वर्गणीचा खेळ चालत नाही. मॅटचेही तसेच. तिची किंमत लाखांच्या घरात. आणि आणली तरी जानेवारीत तिच्यावर पळणार कोण?

तेव्हा माझे मत असे आहे, आणि ते कोणाला बालिश वाटले तर वाटो. आमच्यासारख्या तालुक्यांत स्पर्धा पाडव्यानंतर घ्याव्यात. टोळ्या तेव्हा परतलेल्या असतात, गावोगाव जत्रा असतात, माणसे जमतात. महिनाभर सराव होतो. ऊन असते हे खरे; पण दिवे लावून रात्री कबड्डीचे सामने आपण भरवतोच ना? मग खो-खोला काय झाले? पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात १९१४ साली या खेळाचे नियम बसवायला समिती नेमली गेली, तेव्हापासून किती नियम बदलले. नऊची सात मिनिटे झाली, एकाचे दोन गुण झाले, वजीर आला. हे सगळे बदल पाहणाऱ्यांना सोयीचे पडावेत म्हणून झाले, आणि त्यात काही वाईट नाही. खेळणाऱ्यांच्या सोयीसाठी एक तारीख बदलायला काय हरकत आहे?

यावर आबांच्या एका मित्राने मला विचारले, ‘आन् पट्टा उशिरा पडला तर?’ याला माझ्याजवळ उत्तर नाही. एखाद्या वर्षी ऊस भरपूर असला तर हंगाम लांबतो, आणि मग पाडवाही फडातच होतो. तेवढा धोका राहणारच.

शैलीचा वाद मात्र मी मिटवू इच्छित नाही. तो चालावा. मी स्वतः अजूनही म्हणेन, की आधी बसलेल्या गड्यांना जागे करा, मग सुराचे बघू. पण तो वाद त्या बारा जणांच्या देखत व्हावा. त्यांनीही तोंड उघडावे. आबांनी धोतर सावरून दाखवलेली साखळी दादाने त्यांच्यासमोर मातीत पळून दाखवावी आणि ‘आबा, असं नाय जमत’ म्हणावे. तेव्हा कोणाचे खरे ते कळेल.

आसपासच्या मंडळांच्या नावे मी एक अर्ज लिहिला आहे. स्पर्धा पाडव्यानंतर घ्याव्यात, ही पहिली मागणी. त्याच दिवशी मुलींचेही सामने ठेवावेत, ही दुसरी. दुसरीवर आबा म्हणाले, ‘पोरींचं पुढं बघू की.’ मी ती खोडली नाही. आबांनी चष्मा पुसून अर्ज दोनदा वाचला आणि तशीच सही केली. सूरवाल्या पक्षाच्या पुढाऱ्याने आबांची सही पाहून आधी तोंड वाकडे केले, मग खाली आपली केली. आतापर्यंत सोळा सह्या झाल्या आहेत. दादाची अजून नाही. दसऱ्यानंतर टोळी निघणार, मुकादमाचा निरोप येऊन गेला. तो सध्या कोयत्याला धार लावून घेण्याच्या गडबडीत आहे. ‘ठेव तिथं, करतो’ म्हणाला.

उद्या पुन्हा गिरणीवर जायचे आहे. आई आणि तो निघण्याआधी पंधरा दिवसांचे पीठ बरोबर द्यावे लागते. अर्ज मी डब्याच्या झाकणाखाली ठेवला आहे.